लाईट गेली म्हणून हात लावू नका: पावसात रानात आणि रस्त्यावर करंटपासून कसं वाचायचं

प्रश्न सांगली जिल्ह्यातल्या भिलवडीजवळच्या एका तरुण शेतकऱ्याचा आहे. पाणी वाढायला लागलं की वडील नदीवरची मोटार काढायला अपरात्री एकटेच जातात आणि कुणाचं ऐकत नाहीत. बांधावरच्या लाईटच्या डांबाला, म्हणजे खांबाला, पाऊस झाला की झिणझिण्या येतात, म्हैस तिकडं फिरकत नाही. जोराचा पाऊस चालू असताना घराबाहेर नेमकं काय सांभाळायचं, असं त्यांनी विचारलं आहे. पलूस-वाळव्याकडं शेतीपंपांची आणि घरांच्या वायरिंगची कामं करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, त्या अनुभवावर हे उत्तर लिहितो आहे.

दादा, आधी डांबाचं बघू, कारण ते आजच्या आज करायचं काम आहे.

जनावर ज्या डांबाला बिचकतं तिथं जमिनीत करंट उतरतोय असंच धरायचं. म्हशीच्या पुढच्या आणि मागच्या पायांत चार-पाच फुटांचं अंतर असतं आणि त्या दोन टोकांमधून जाणारा करंट वाटेत काळजातून जातो. माणसाला जिथं नुसत्या झिणझिण्या येतात तिथं म्हैस जागेवर पडू शकते. कारण बहुतेक वेळा वर असतं. तारेला लोखंडापासून वेगळं ठेवणारं चिनीमातीचं इन्सुलेटर तडकलेलं असतं, नाहीतर जंपर, म्हणजे तारा जोडणारा तुकडा, ढिला होऊन लोखंडाला टेकलेला असतो. कधी डांबाला अर्थिंगची जी तार जमिनीत उतरते ती तुटलेली असते, किंवा कुणीतरी कापून नेलेली असते. कोरड्या दिवसांत हे लपून राहतं आणि तडकलेल्या जागेत पाणी शिरलं की बाहेर पडतं. डांबाला तोलून धरणाऱ्या तिरक्या ताणाच्या तारेचंही तेच. तिच्या मधोमध अंड्याच्या आकाराचं इन्सुलेटर असायला हवं. ते नसेल किंवा फुटलं असेल तर वरचा करंट थेट तुमच्या हाताच्या उंचीवर येतो. म्हणून ताणाला जनावर बांधणं, वैरणीचा भारा टेकवणं, पोरांनी ताणाला लोंबकळणं बंद म्हणजे बंद.

महावितरणचा १९१२ हा नंबर रात्रंदिवस चालू असतो. १८००-२१२-३४३५ आणि १८००-२३३-३४३५ हेही टोल फ्री आहेत. फोनवर ‘झिणझिण्या येतात’ असं मोघम सांगू नका. ‘डांबात करंट उतरलाय, माणूस किंवा जनावर मरेल’ असं स्पष्ट सांगा. डांबावर नंबर रंगवलेला असेल तर तो सांगा, डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, कुठली ते सांगा, आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. मग गावच्या वायरमनला आणि सबस्टेशनलाही वेगळं कळवा. तोवर डांबाभोवती पंधरा-वीस फुटांवर बाभळीच्या फांद्यांचं कुंपण घाला. लोखंडी तार त्यासाठी वापरू नका, आणि करंट खरंच आहे का हे बघायला टेस्टर लावायला जाऊ नका. घरातला टेस्टर तुमच्याच अंगातून बारीकसा करंट जमिनीत सोडून पेटतो. तो भिजला की त्याच्या आतला करंट अडवणारा रेझिस्टन्स कामाचा राहत नाही, आणि ढगाळ उजेडातसुद्धा तो पेटला की नाही ते नीट दिसत नाही.

आता पावसानं नेमकं काय बदलतं ते समजून घ्या, म्हणजे पुढचं पाठ करावं लागणार नाही. कोरड्या, घट्टे पडलेल्या हाताच्या कातडीचा रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, काही हजारांपासून लाख ओहमपर्यंत असतो. तोच हात भिजला आणि पाय चिखलात असले की अंगाचा रोध हजार ओहमच्या आसपास उतरतो. घरातली लाईट २३० व्होल्टची. भागाकार केला तर २३० मिलिअँपिअर, म्हणजे पाव अँपिअरही नाही. पण दहा-पंधरा मिलिअँपिअरला हाताची मूठ आपल्या ताब्यात राहत नाही. ‘चिकटला’ म्हणतात ते हेच. तारेनं माणसाला ओढलेलं नसतं, त्याच्याच स्नायूंनी तार घट्ट धरलेली असते. तीस मिलिअँपिअरच्या पुढं श्वास आणि काळीज धोक्यात येतं, आणि पन्नास ते शंभरला काळजाचा ठेका बिघडून ते नुसतं थरथरत राहू शकतं.

याच्या शेजारी फ्यूज ठेवून बघा. साडेसात हॉर्सपॉवरची मोटार चालताना दर फेजला साधारण ११-१२ अँपिअर घेते. म्हणजे तिचा फ्यूज त्याहून मोठा असणार, आणि आपल्याकडं तर कितीतरी पेट्यांत फ्यूजच्या जागी जाड ॲल्युमिनियमची तार पिळलेली असते. माणूस मरायला लागतो त्याच्या शंभरपट करंट गेला तरी तो फ्यूज उडणार नाही. फ्यूज मोटार आणि वायर जळू नये म्हणून असतो, माणसासाठी तो नसतोच. ‘फ्यूज आहे की, उडेल’ हा भरवसा मी चांगल्या शिकलेल्या माणसांकडूनही ऐकला आहे.

अर्थिंगचंही थोडं सांगतो. मोटारीची बॉडी लाईव्ह झाली आणि अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध समजा ५० ओहम असला, तर जमिनीत पाच अँपिअरही जात नाहीत. फ्यूज शांत, मोटार कदाचित चालूसुद्धा, आणि बॉडीवर २३० व्होल्ट. म्हणून अर्थिंग असणं पुरेसं नाही, ते चांगलं असावं लागतं आणि त्याच्या जोडीला गळणारा करंट ओळखून लाईन तोडणारा स्विच, म्हणजे आरसीसीबी, असावा लागतो. त्यावर पुढं येतो.

वडिलांच्या मोटारीकडं येऊ. मला सगळ्यात जास्त भीती याच कामाची वाटते.

कृष्णेचं पाणी वाढायला लागलं की काठावर एकच धांदल उडते. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी, पण मोटारी त्याच्या कितीतरी आधी पाण्याखाली जायला लागतात. कोयना धरणातून विसर्ग वाढवला अशी बातमी आली की जो तो हातातलं टाकून नदीकडं धावतो. अंधार, निसरडा काठ, वरून पाऊस, आणि डोक्यात एकच विचार की मोटार गेली तर रिवायंडिंगचा खर्च. त्या घाईत माणूस स्वतःशी म्हणतो, ‘लाईट गेलीय, तोवर उरकून घेऊ.’

लाईट गेलीय हा फक्त अंदाज असतो. थ्री फेज बंद असली तरी काही लाईनींवर वस्तीच्या दिव्यांसाठी एखादी फेज चालू ठेवलेली असते. मोटार बंद पडते, स्टार्टर ओढत नाही, पण एका तारेत पूर्ण जीव असतो. दुसरं म्हणजे शेतीची लाईट पाळीनं येते, आणि पावसात फॉल्ट निघाला की सबस्टेशनवरून ट्रायल घेतात, म्हणजे लाईन चालू करून बघतात. ते केव्हा होईल हे काठावरच्या माणसाला कळायचा मार्ग नाही. तिसरं, ऑटो स्विच. रात्री उठावं लागू नये म्हणून पेटीत ऑटो बसवलेला असतो. लाईट आली की मोटार आपोआप सुरू होते, मग तुमचे वडील त्या वेळी पाइपाला धरून उभे असोत किंवा कमरेभर पाण्यात. चौथं कुणाच्या लक्षात येत नाही. काठावर तुमची एकट्याची केबल नसते. दहा-वीस जणांच्या केबली एकाच चिखलातून शेजारी शेजारी गेलेल्या असतात, जुन्या, जागोजागी टेप मारलेल्या. तुमची पेटी बंद असली तरी शेजाऱ्याच्या केबलच्या सांध्यातून पाण्यात करंट उतरू शकतो. पाण्यातल्या माणसाला त्या वेळी मोठा शॉक बसावा लागत नाही. हातपाय हलेनासे झाले तरी तो बुडतो, आणि वर गावात बातमी येते की पाय घसरून पडला.

म्हणून मोटार काढायचं काम असं करा. दिवसा आणि उघडीप असताना. पाण्याची बातमी आधी मिळते, शेवटच्या रात्रीची वाट बघायचीच नाही. एकाच डीपीवरच्या सगळ्यांनी मिळून दिवस ठरवा आणि वायरमनकडून त्या वेळेपुरती डीपी बंद करून घ्या. डीपीचा डीओ, म्हणजे तिच्यावरचा फ्यूज, काठीनं स्वतः पाडायला जाऊ नका. तिथं वर ११ हजार व्होल्ट असतात आणि ओल्या बांबूला ते जुमानत नाहीत. डीपी बंद झाली तरी आपल्या पेटीत स्टार्टर बंद, मग मेन स्विच बंद, मग तिन्ही किटकॅट, म्हणजे फ्यूजची तार धरणारे चिनीमातीचे तुकडे, बाहेर काढून स्वतःच्या खिशात. शेजारच्या कट्ट्यावर नको, खिशातच. काम संपवून सगळी माणसं काठावर आली की मगच ते परत बसतील. ऑटो स्विच पावसाळाभर काढूनच ठेवा. नदीत एकट्यानं उतरायचं नाही. एक माणूस पेटीपाशी उभा हवा आणि त्यानं तिथून हलायचं नाही.

पाणी पेटीपर्यंत आलं असेल तर मोटार सोडून द्यायची. पेटीचा पत्रा, तिचा अँगल, खालचं पाणी, सगळं लाईव्ह असू शकतं. मोटार वाळवता येते, रिवायंड होते. वडिलांना हे तुम्ही सांगून पटत नसेल तर त्यांच्या वयाच्या, नदीवर मोटार असलेल्या एखाद्या माणसाकडून सांगवा. नाहीच तर त्यांच्या आधी जाऊन किटकॅट तुम्ही घरी आणून ठेवा. मला तो उपाय जास्त खात्रीचा वाटतो. पुढच्या उन्हाळ्यात मात्र पेटीची जागा बदला. गावातल्या जाणत्यांना २०१९ चं पाणी कुठवर आलं होतं ते झाडागणिक, भिंतीगणिक ठाऊक आहे. त्या खुणेच्या वर पेटी न्या. केबल थोडी जास्त लागेल, लागू दे.

सौर पंप असेल तर वेगळं ध्यान ठेवा. सोलरला लाईट जाणं माहीत नसतं. ढगाळ उजेडातसुद्धा प्लेटांमधून डीसी, म्हणजे एकाच दिशेनं वाहणारा करंट, येत राहतो, आणि ओळीत जोडलेल्या प्लेटांचा विजेचा दाब काहीशे व्होल्टपर्यंत जातो. कंट्रोलर बंद केला तरी प्लेटेपासून कंट्रोलरपर्यंतच्या वायरी जिवंतच. त्या वायरी किंवा प्लेटा पाण्यात गेल्या असतील तर त्या पाण्यात पाय घालायचा नाही.

आता तुटलेल्या तारेबद्दल. वादळी पावसात ऊस आडवा होतो, बांधावरचं झाड मोडतं आणि लाईन खाली येते. पडलेली तार ठिणगी टाकत नाही म्हणजे ती मेली, असं मुळीच नाही. मुरमाड किंवा खडकाळ जमिनीवर पडलेल्या ११ केव्हीच्या, म्हणजे ११ हजार व्होल्टच्या, तारेतून कधीकधी इतका थोडा करंट जातो की सबस्टेशनचा ब्रेकर उडतच नाही. उडाला तरी ट्रायल घेतली की तीच तार पुन्हा लाईव्ह. ती जिथं टेकते तिथं जमिनीतला विजेचा दाब सगळ्यात जास्त असतो आणि लांब जाऊ तसा उतरत जातो. तुमचा एक पाय तारेकडं आणि दुसरा लांब असला, तर उताराच्या रानात पाटाचं पाणी जसं वरच्या सरीतून खालच्या सरीत धावतं तसा करंट एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरतो. तारेला हातही न लावता माणूस पडतो. पडला की हात आणि पाय यांतलं अंतर आणखी वाढतं.

तार दिसली की निदान दहा मीटर, म्हणजे तीस-पस्तीस फूट लांब थांबा. तार साचलेल्या पाण्यात पडली असेल तर ते अंतर विसरा, त्या पाण्याच्या कडेलासुद्धा जाऊ नका. अंधारात चालता चालता जवळ गेलाच आणि पायाला झिणझिण्या जाणवल्या, तर पळायचं नाही. पळताना पाय फाकतात. दोन्ही पाय एकमेकांना चिकटवून, जमिनीवरून न उचलता, टाच-चवडा सरकवत आल्या दिशेनं मागं यायचं. वेडंवाकडं दिसतं, पण जीव वाचवणारी चाल हीच आहे. पोरांकडून एकदा अंगणात करून घ्या, ती हसत हसत शिकतात आणि विसरत नाहीत. गाडीवर तार पडली तर गाडीतच बसून राहा, काचा बंद, आणि तिथूनच फोन. गाडीनं पेटच घेतला तर गाडी आणि जमीन यांना एकाच वेळी न शिवता दोन्ही पाय जुळवून लांब उडी मारा आणि तसेच सरकत जा. ट्रॅक्टरवर बसलेल्यालाही हाच नियम.

पहाटे पाणी पाजायला निघताना बॅटरीचा झोत आधी वर मारा, लाईन जागेवर आहे का बघा, मग खाली वाट बघा. पडक्या उसात लाईन लोंबकळत असेल तर ती पानांत दिसत नाही. वादळ झालेल्या रात्रीनंतर उजाडल्याशिवाय उसात शिरूच नये असं माझं मत आहे, पाणी तुंबलं तरी.

तासगाव-मिरजेकडच्या द्राक्षबागायतदारांनी हे ध्यानात घ्यावं. बाग म्हणजे लोखंडी अँगल आणि तारांचं एकसंध जाळं आहे. वस्तीवर गेलेली सर्व्हिस वायर बागेवरून नेलेली असते, वाऱ्यानं ती अँगलच्या टोकावर घासते, तिचं आवरण जातं, आणि एका ठिकाणी टेकली की दोन एकरांतली प्रत्येक तार लाईव्ह. बिघाड एका कोपऱ्यात आणि माणूस दुसऱ्या कोपऱ्यात सापडतो. बागेवरून वायर नेऊच नका, कडेनं डांबावरून न्या.

घराभोवतीचं थोडक्यात सांगतो, पण पावसाळ्यात माणसं इथंही जातात. कपडे वाळत घालायला लोखंडी तार नको. पत्र्याच्या शेडपासून डांबापर्यंत किंवा खिडकीच्या गजापर्यंत बांधलेली ती तार पत्र्यातला करंट थेट ओल्या कपड्यात आणते, आणि ओला कपडा पकडलेला असतो घरातल्या बाईनं. नायलॉनची दोरी लावा, झाडांना किंवा लाकडी खांबांना. सर्व्हिस वायर पत्र्याच्या कडेला टेकते का ते पावसाआधी बघा, आणि पावसात पत्र्यावर कुणी चढू नका, गळती उद्यावर ढकला. गोठ्यात कडबाकुट्टीचं मशीन म्हणजे लोखंडी बॉडी, ओली जमीन आणि उंदरांनी कुरतडलेली वायर. त्याला तीन पिनचा प्लग आणि खरं अर्थिंग नसेल तर पावसाळाभर कोयत्यानं वैरण तोडलेली बरी. न्यूट्रलच, म्हणजे करंट परत नेणारी तारच, बॉडीला जोडून ‘अर्थिंग केलं’ म्हणणारे वायरमन असतात. न्यूट्रल कुठं तुटला तर ती बॉडी पूर्ण २३० व्होल्टला येते. आणि न्यूट्रल गेला म्हणून जमिनीत सळई ठोकून त्यावर दिवे चालवणं तर सरळ अंगणातल्या मातीत करंट सोडणं आहे. ओल्या अंगणात त्या सळईभोवती लेकरू खेळत असतं.

यावर एकच उपाय मी हट्टानं सांगतो. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. गेलेला करंट आणि परतलेला करंट यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की तो सेकंदाच्या छोट्या अंशात लाईन तोडतो. घराला, गोठ्याला, अंगणातल्या बोअरच्या मोटारीला हाच हवा. मोठ्या थ्री फेज पंपाला लांब केबलमुळं थोडी गळती कायम असते, तिथं १०० मिलिअँपिअरचा चार पोलचा लावतात. तो माणसाला ३० च्या इतकं वाचवत नाही, पण बॉडीत करंट उतरल्यावर लाईन तोडतो, जे फ्यूज करत नाही. आरसीसीबीवर टेस्टचं बटन असतं, ते महिन्यातून एकदा दाबा, खटका पडला पाहिजे. पावसात तो सारखा पडायला लागला की लोक वैतागून त्याला बायपास करतात. तो पडतोय कारण कुठंतरी खरंच गळतंय. गळती शोधा, स्विच काढू नका. नवा घेताना आणि बसवताना परवाना असलेल्या माणसाकडूनच काम करून घ्या. पैसे थोडे जास्त घेईल, पण अर्थिंग मोजून देईल.

शिराळ्याकडं रानडुकरं आणि गवे पिकात येतात, तिथं काही जण कुंपणाच्या तारेत थेट लाईट सोडतात. मला त्या माणसांचं पिकाचं दुःख कळतं, पण हे करू नका. बेकायदा आहे, आणि पावसात त्या कुंपणावर डुकराऐवजी शेजारचा माणूस, त्याचा कुत्रा, तुमचाच मुलगा सापडतो. झटका मशीन वेगळं असतं, त्यात क्षणभराचा ठोका येतो आणि मधे विसावा असतो. घ्यायचं तर ते कंपनीचं, नीट बसवलेलं.

शहरात वेगळा प्रकार. सांगलीत जोराचा पाऊस झाला की मारुती चौक, शामरावनगर अशा ठिकाणी पाणी तुंबतं आणि रस्त्याकडेच्या फीडर पिलरचं, म्हणजे लाईट वाटून देणाऱ्या लोखंडी पेटीचं, दार उघडं असतं किंवा खालून गंजलेलं. त्या पाण्यातून जाताना डांब, पिलर, जाहिरातीच्या लोखंडी कमानी आणि दुकानाचं शटर यांपासून लांब, जमेल तर रस्त्याच्या मधून चला. तोल गेला की हात आपसूक डांबाकडं जातो, म्हणून काठी किंवा छत्री टेकत चला. शाळेतून येणाऱ्या पोरांना एवढंच सांगितलं तरी खूप झालं की पावसात डांबाला हात नाही आणि डांबाच्या बुडाच्या पाण्यात उडी नाही. गणपतीचे मांडव भर पावसात उभे असतात. पाइपांचा सांगाडा, वर माळा, खाली पोरं. मांडवाला अधिकृत तात्पुरतं कनेक्शन, सांगाड्याला अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी एवढं मंडळानं करावं. मिरवणुकीत मूर्तीची उंची वाटेवरच्या लाईनींशी आधी जुळवून बघावी. लाईन बांबूनं वर उचलण्याची पद्धत मात्र थांबलीच पाहिजे, ओला बांबू करंट नेतो.

महापुराबद्दल एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विनला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा गल्ल्यांतून नावा चालल्या. गावातली खालच्या दाबाची लाईन रस्त्यापासून साधारण १८-१९ फुटांवर असते आणि रानात तर पंधरा फुटांवरसुद्धा असू शकते. तुमच्या गल्लीत दहा फूट पाणी असेल तर नावेत उभ्या राहिलेल्या माणसाचं डोकं तारेच्या दोन-तीन फुटांवर येतं. पूरभागातली लाईन महावितरण बंद करतं, पण शेजारच्या भागातला कुणी चेंजओव्हर, म्हणजे बाहेरची लाईन तोडून जनरेटर जोडणारा स्विच, न लावता जनरेटर चालवत असेल तर बंद लाईनीत उलटा करंट शिरतो. तेव्हा नावेत बसूनच राहायचं, लाईनीखालून जाताना वल्हं आणि बांबू आडवे, आणि पाण्यातून वर आलेल्या डांबाला नाव बांधायची नाही. पाणी ओसरल्यावर घरात शिरलात तर मेन स्विचला हात लावायच्या आधी वायरमनला बोलवा, बोर्ड उघडून वाळवून इन्सुलेशन मोजल्याशिवाय लाईट घेऊ नका. भिंतीतल्या पाइपांत पाणी बरेच दिवस राहतं.

वळवाच्या पावसात जत-आटपाडीकडं आकाशातली वीजही माणसं घेते. त्याचं एवढंच, की गडगडाट ऐकू आला म्हणजे तुम्ही तिच्या टप्प्यात आहात. झाडाखाली थांबायचं नाही, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला टेकायचं नाही, पक्क्या घरात जायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप फोनमध्ये ठेवा, आसपास वीज पडायचा इशारा ते देतं.

एवढं करूनही समोर कुणी चिकटला तर काय, हे घरातल्या प्रत्येकाला यायला हवं, कारण एकाला सोडवायला गेलेला दुसरा आणि त्याला धरायला गेलेला तिसरा अशा रांगेनं एकाच घरातली माणसं गेलेली आपण वाचतो. पहिलं काम लाईट तोडणं. मेन बंद करा, प्लग ओढा, किटकॅट काढा. ते जमण्यासारखंच नसेल आणि घरगुती किंवा मोटारीची वायर असेल, तर कोरड्या फळीवर किंवा प्लॅस्टिकच्या खुर्चीवर उभं राहून कोरड्या लाकडानं वायर बाजूला करा, माणसाच्या अंगाला हात न लावता. पावसात कोरडं लाकूड मिळत नाही, म्हणून घरात एक जाड पीव्हीसी पाइप आडोशाला टांगून ठेवा. बाजारातले गमबूट आणि गाडीचे हातमोजे या कामाचे नाहीत. तार डांबावरून तुटलेली असेल तर ती ११ केव्हीची असू शकते आणि तिथं काठी, पाइप काहीच चालत नाही. लांबून ओरडून लोकांना थांबवायचं आणि १९१२ला आणि सबस्टेशनला फोन करायचा. जिवाभावाचं माणूस समोर पडलेलं असताना लांब थांबणं किती कठीण आहे ते मला माहीत आहे. तरीही थांबायचं.

लाईट तुटली की मगच हात लावा. हाक मारा, छाती हलते का बघा. श्वास नसेल किंवा नुसते आचके येत असतील तर एकानं १०८ लावायचा आणि दुसऱ्यानं लगेच छाती दाबायला सुरुवात करायची. माणूस पाठीवर, कडक जमिनीवर. तळव्याचा मागचा भाग छातीच्या मधल्या हाडावर, दुसरा हात त्यावर, कोपर ताठ, आणि छाती दोन इंच खाली जाईल इतक्या जोरानं मिनिटाला १०० ते १२० वेळा. तोंडानं श्वास देता येत असेल तर तीस दाबांनंतर दोन श्वास, येत नसेल तर नुसतं दाबत राहा. बरगडी मोडेल याची भीती बाळगू नका. तळपाय चोळणं, तोंडावर पाणी मारणं, मातीत ठेवणं यात ती मोलाची मिनिटं जातात. दमलात की माणूस बदला, पण थांबू नका, ॲम्ब्युलन्सवाले हातात घेईपर्यंत. भाजलेल्या जागेवर हळद, टूथपेस्ट काही लावू नका, स्वच्छ कोरडं कापड झाका.

आणि जो आपण होऊन उठून बसला, ‘मला काही झालं नाही’ म्हणाला, त्यालाही दवाखान्यात न्या आणि ईसीजी काढून घ्या. काळजाचा ठेका काही तासांनी बिघडू शकतो, आणि बाहेर बोटावर नुसता काळा ठिपका दिसत असताना आतलं मांस भाजलेलं असू शकतं.